वर्ग हसतो तेव्हा

एरंडोलच्या शाळांत आसपासच्या खेड्यांतली मुलं येतात. पालकसभेला घरून कुणी का आलं नाही, असं बाईंनी विचारलं की त्यातलं एखादं उठून सांगतं, ‘मनी माय वावरमा गयी.’ वर्ग हसतो. दुसऱ्या दिवसापासून त्या पोराचं नाव ‘वावरमा’ पडतं. महिन्याभरात ते मूल हात वर करायचं थांबतं, उत्तर येत असूनही गप्प बसतं, आणि शिक्षकांना वाटू लागतं की याला काही येतच नाही. चिडवण्याची कारणं अनेक असतात: रंग, उंची, जाडी, चष्मा, तोतरेपणा, बापाची हमाली. पण खानदेशात बोलीवरून होणारं चिडवणं मला सगळ्यांत जास्त छळतं. तिथे हसणारे आणि ज्याला हसलं जातं तो, अशा दोघांच्याही घरी बहुधा तीच बोली, अहिराणी, बोलली जाते.

मूल घरी येऊन हे सांगतं तेव्हा आपण काय म्हणतो? ‘मनावर घेऊ नको.’ हेतू चांगला असतो, पण मुलाच्या कानाला त्याचा अर्थ वेगळा लागतो. जे झालं ते काही विशेष नव्हतं, तुला लागलं हीच तुझी कमजोरी, असं ते ऐकतं. पुढचं वाक्य तर याहून वाईट: ‘आतापासून जरा शुद्ध बोलत जा.’ दिवसभर अहिराणीत बोलणारा बाप एवढंच वाक्य मुद्दाम पुस्तकी मराठीत बोलतो, आणि वर्गाने दिलेल्या निकालावर घरातूनच शिक्कामोर्तब होतं. मुलाला कळतं की वर्ग बरोबर होता. आपण उणे आहोत, आणि आपली आईही उणीच आहे. बाहेरच्यांचं हसू मूल सोसू शकतं. घरच्यांना त्याच गोष्टीची लाज वाटते, हे कळलं की त्याला टेकायला जागा उरत नाही.

‘श्यामची आई’तलं पोहण्याचं प्रकरण इथे आठवतं. श्याम पोहायला भितो, लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने झोडपून विहिरीवर पाठवते. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणून हसू नये, ही तिची कळकळ. तो मार मला आजही पटत नाही, पण तिचा एक विचार पटतो: पोहणं शिकता येतं आणि शिकल्यावर भीती जाते. ज्या उणिवेवर इलाज आहे, तिथे मुलाला धीराने इलाज शिकवावा. मात्र बोली, रंग, आडनाव, बापाचा धंदा या उणिवाच नाहीत. तिथे मुलाला सुधारायला निघालेले आईबाप नकळत चिडवणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभे राहतात.

हे पुस्तक लिहिणारे साने गुरुजी एरंडोलपासून फार लांब नव्हते. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. कोकणातल्या पालगडचा हा माणूस खानदेशच्या पोरांत राहिला, त्यांची आजारपणं काढली, त्यांच्या खोल्या आवरल्या. मुलांसाठी ते रोज स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ दैनिक लिहीत. शिक्षकाने आपल्यासाठी पहाटे उठून पानं लिहावीत, यातून एखाद्या खेड्यातल्या पोराला स्वतःबद्दल काय कळत असेल! तू मोलाचा आहेस, हे त्याला तोंडाने सांगायची गरजच उरत नसणार.

आता त्या बोलीकडे पाहू. २०११च्या जनगणनेत खानदेशी ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजली गेली आणि अहिराणीसह ती मातृभाषा म्हणून नोंदवणाऱ्यांची संख्या अठरा लाखांच्या वर होती. शेजारच्या जळगाव तालुक्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची बोली लेवा गणबोली. ती अहिराणीहून वेगळी, पण वर्गात हसू येण्याच्या बाबतीत दोघींचं नशीब एकच. त्या १९५१च्या डिसेंबरात गेल्या, १९५२मध्ये त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या आणि महाराष्ट्राने त्या डोक्यावर घेतल्या. २०१८पासून जळगावचं विद्यापीठ त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. म्हणजे पहिल्या तासाला ज्या तऱ्हेच्या शब्दांना वर्ग हसतो, त्याच तऱ्हेच्या शब्दांचं दुसऱ्या तासाला रसग्रहण लिहून गुण मिळवतो. हे मुलांना कुणी उलगडून दाखवतच नाही.

आत्मसन्मान वाढवायचा म्हणून आजकाल मुलांची उठताबसता स्तुती होते. ‘तू ग्रेट आहेस’, ‘तू सगळ्यांत हुशार आहेस.’ मुलांना पोकळ स्तुती ओळखू येते, आणि ज्याला रोज हसलं जातं त्याला तर ती दयेसारखी टोचते. त्याला हवं असतं खरं काम, आणि त्या कामाला खरी गरज. कपाशीच्या वावरात वाढलेलं पोर गुलाबी बोंडअळी बोंड उघडून दाखवू शकतं. विज्ञानाच्या तासाला किडींचा विषय निघाला की ते त्यालाच सांगू द्यावं, त्याच्या बोलीत, आणि बाईंनी त्याचे शब्द फळ्यावर लिहावेत. घरीही तसंच. हिशेब त्याच्याकडे द्यावा, धाकट्याचा अभ्यास त्याच्याकडे द्यावा, आणि त्याने केलेलं काम नीट झालं असेल तेव्हाच ‘छान झालं’ म्हणावं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे कळल्यावर मूल ताठ उभं राहतं.

पण सगळा भार त्या एकट्या पोरावर टाकणं हाही अन्यायच. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिव्हाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये एक महत्त्वाची गोष्ट मांडली. छळ फक्त दोघांत घडत नाही. कुणी छळणाऱ्याला साथ देतं, कुणी हसून त्याला चेव आणतं, कुणी गप्प राहतं, एखादाच मध्ये पडतो. याच विचारावर उभा राहिलेला ‘किवा’ हा कार्यक्रम २००९पासून तिथल्या शाळांत देशभर राबवला गेला. त्याचा भर बघ्यांवर आहे. मला हे अगदी पटतं. चिडवणारा एकच असतो, त्याला बळ देतं ते तीस जणांचं हसू. वर्गातल्या दोन-तीन मुलांनी हसायचं थांबवलं आणि मधल्या सुट्टीत त्या पोराशेजारी डबा उघडला, तर चिडवणाऱ्याचा अर्धा जोर तिथेच सरतो. म्हणून ‘तुला कुणी चिडवलं का?’ या प्रश्नाबरोबर आपल्या मुलाला हेही विचारायला हवं: ‘आज वर्ग कुणाला हसला, आणि तेव्हा तू काय केलंस?’

जातीवरून होणाऱ्या अपमानाला मात्र चिडवणं म्हणू नये. तिथे ‘मुलं आहेत, चालायचंच’ हे वाक्य शिक्षकाच्या तोंडी येताच कामा नये; मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी लक्ष घातलं पाहिजे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेत मुलांच्या शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. शिक्षकानेच एखाद्याची नक्कल करून वर्ग हसवला, तर तोही या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो, हे पालकांना माहीत असावं. मूल शाळेचं नाव काढताच पोट दुखतं म्हणू लागलं, जेवण टाकू लागलं, स्वतःला इजा करायच्या गोष्टी बोलू लागलं, तर वाट पाहू नये. वर्गशिक्षकांना भेटावं, डॉक्टरांना दाखवावं. १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

एरंडोल, पारोळा, अमळनेरच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. येत्या पालकसभेत पहिली पाच मिनिटं अहिराणीत बोला, मुलांच्या देखत. आणि आयांनो, त्या सभेला वावरातलं काम एक दिवस मागे ठेवून या, आणि तिथे आपल्या बोलीत, मोठ्याने बोला.