सूर्य न उगवणाऱ्या गावातली फजर

पाचही नमाजा सूर्याच्या चालीला बांधलेल्या आहेत. पण सूर्य महिनाभर वर आलाच नाही तर? ध्रुवप्रदेशाचा धडा आला की वर्गातून हमखास प्रश्न येतो, ‘आपा, वहाँ फजर कब होती होगी?’ मुलांनी विचारला म्हणून तो पोरकट ठरत नाही.

कॅनडाच्या वायव्येला, उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे इनुविक नावाचे जेमतेम ३,००० वस्तीचे गाव आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मावळलेला सूर्य तिथे उगवतो तो जानेवारीत. दुपारी दक्षिणेकडे थोडा वेळ उजाडल्यासारखे होते, इतकेच. पारा उणे ३०, कधी उणे ४० अंशांपर्यंत उतरतो. जमीन खोलवर कायमची गोठलेली. घराच्या उबेने ती वितळून घर खचू नये म्हणून घरे खांबांवर उभी केलेली. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळसुद्धा ऊबदार आवरणातून जमिनीच्या वरूनच घरोघर नेलेले. इथल्या मूठभर मुसलमानांसाठी २०१० साली विनिपेगमध्ये एक लहानशी मशीद बांधली गेली, आणि ती ट्रकवरून व पुढे मॅकेन्झी नदीतून बार्जवर चढवून सुमारे ४,००० किलोमीटर नेण्यात आली. (एरवी माणसे मशिदीकडे जातात, इथे मशीदच माणसांकडे गेली!) पुढे तिथूनच गरजू शेजाऱ्यांना, धर्म न विचारता, अन्नधान्य मिळू लागले.

मशीद पोहोचली, पण वेळ कुठून आणायची?

पेच जुना आहे. ९२१ साली बगदादहून निघालेला इब्न फदलान व्होल्गाकाठच्या बुल्गारांकडे पोहोचला, तेव्हा तिथली उन्हाळी रात्र इतकी तोकडी होती की मगरिब आणि इशा एकत्रच पढल्या जात. पुढे हनफी फकीहांमध्ये यावर वाद झाला. बक्काली म्हणाले, वेळ हाच नमाजचा सबब. तीच आली नाही तर नमाज फर्ज कशी? ज्याचे हात तुटले त्याच्यावर वजूत हात धुण्याचे फर्ज राहत नाही, तसेच हे. इब्नुल हुमाम यांना ते पटले नाही. त्यांच्या मते वेळ ही नुसती खूण आहे. खूण दिसली नाही म्हणून हुकूम रद्द होत नाही. आधार हदीसचा. दज्जालच्या काळातला एक दिवस वर्षाएवढा असेल, तेव्हा अंदाज बांधून नमाजा अदा करा, असे पैगंबरांनी (स.) सांगितले आहे. १८७० मध्ये कझानच्या शहाबुद्दीन मरजानींनी याच बाजूने अख्खा ग्रंथ लिहिला.

बक्कालींचे तर्कशास्त्र स्वच्छ आहे. जे नाही ते आहे असे त्यांनी म्हटले नाही. पण हाताची उपमा मला अडते. इनुविकमध्ये डिसेंबरात मुले काळोखातच शाळेत जातात, दुकाने उघडतात, आया स्वयंपाक करतात. सूर्य नाही म्हणून आज दिवसच नाही, असे कोणी म्हणत नाही. पगार घेण्यापुरता दिवस उजाडतो आणि सजद्यापुरता उजाडत नाही, हा हिशेब कसा मान्य करायचा?

अंदाजाचा मार्ग मात्र सोपा नाही. कोणी म्हणेल मक्केची वेळ घ्या, कोणी म्हणेल जिथे सूर्य उगवतो अशा जवळच्या शहराची घ्या. दोन्हींना आधार सापडतो आणि आभाळ कोणाचीच साक्ष देत नाही. तेव्हा एकानेच बरोबर ठरण्यापेक्षा सगळ्यांनी एका सफमध्ये उभे राहणे मोठे ठरते. आपल्याकडे निरभ्र आकाशाखाली एकाच मोहल्ल्यात दोन ईदी होतात. चंद्राच्या साक्षी गोळा करताना शेजाऱ्याचा सलाम तुटतो आणि दोन्ही बाजूंना वाटते, आपण शरियत राखली.

जानेवारीत इनुविकच्या क्षितिजावर सूर्य पुन्हा दिसतो तेव्हा गाव उत्सव करते. पहिल्या दिवशी तो थोडाच वेळ वर राहतो. तेवढ्यात जुहर, असर आणि लगेच मगरिब. त्या दिवशी भिंतीवरचे अंदाजाचे वेळापत्रक उतरवायचे, की दिवस जरा मोठा होईपर्यंत राहू द्यायचे? माझ्या मते राहू द्यावे. पण हे वर्गात सांगितले तर मागच्या बाकावरून कोणीतरी विचारणारच, ‘आपा, कितने दिन तक?’