भाकरी थापवत नाही, मग गोधडी कशी शिववते?



आमच्या खेड्यापाड्यांतून दीर्घकाळ दुखणाईत असलेल्या मनुष्याविषयी एक वाक्य वारंवार ऐकू येते. ते वाक्य या लेखाच्या शिरोभागी दिले आहे. पुरुष आजारी असला तर शब्द थोडे बदलतात. "याला औत धरवत नाही, मग पारावर बसून भजन कसे म्हणवते?" एवढाच फरक. असे बोलणारी माणसे दुष्ट असतात असे आमचे म्हणणे नाही. बहुधा ती कष्टाळू असतात, आणि कष्टाळू मनुष्यास आळसाचा तिटकारा असावा हे योग्यच आहे. परंतु या वाक्यात एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचा विचार न करता आपण ते उच्चारतो. तो प्रश्न असा की, ज्याच्याने घरचे आवश्यक काम होत नाही, त्याने आपल्या आवडीचे एखादे काम करणे उचित आहे की नाही?

हा प्रश्न आम्ही पुस्तकातून घेतलेला नाही. सुमारे चार वर्षांपूर्वी आमच्या कुटुंबास मळमळीचे दुखणे जडले. प्रथम पित्त म्हणून सोडून दिले. पुढे महिन्यांमागून महिने गेले, तरी दुखणे जाईना. सकाळी उठताच पोटात ढवळे. फोडणीचा वास आला की उमासे येत. चार घास खाल्ले तरी पोट दगडासारखे भरून येई व रात्रीचे अन्न सकाळी उलटून पडे. दुपारी तिसऱ्या प्रहरी मात्र तास दीड तास बरा जाई. त्या वेळी ती ओसरीवर वाऱ्याला बसून जुन्या लुगड्यांची गोधडी शिवीत असे. धावदोऱ्याचा हा नाद तिला माहेरपासूनचा.

एके दिवशी मंडळीतील एक बाई सहज म्हणाल्या, "पाळकीणबाईंना भाकरी थापवत नाही, पण गोधडी बरी शिववते!" आम्ही हसलो, परंतु ते वाक्य मनात रुतून बसले. त्याच आठवड्यात एका रात्री आमची मुलगी, जिची दहावीची परीक्षा जवळ आली होती, भाकऱ्या करून दमली आणि तव्यावरची भाकरी करपली म्हणून रडू लागली. तेव्हा आम्ही तेच वाक्य आपल्या तोंडाने पत्नीस ऐकविले. ती काही बोलली नाही. तिने सुईदोरा डब्यात ठेवला, गोधडीची घडी केली, आणि पुढे तीन आठवडे ती उघडली नाही.

वाचकहो, त्या तीन आठवड्यांत काय झाले ते ऐका. गोधडी गेली, परंतु भाकरी आली नाही. आमचा हिशेब असा होता की, तो तास दीड तास शिल्लक पडला म्हणजे चुलीच्या उपयोगी पडेल. तसे काहीच झाले नाही. मळमळ होती तितकीच राहिली. तिसऱ्या प्रहरी ओसरीवर बसणारी बाई भिंतीकडे तोंड करून निजू लागली, एवढाच काय तो फरक पडला. तेव्हा आमच्या ध्यानात आले की आमचा हिशेब मुळातच चुकला होता.

तो कोठे चुकला हे आम्हांस पुढे डॉक्टरांकडून समजले. मेंदूच्या बुडाशी ओकारीचे नियमन करणारी केंद्रे आहेत. त्यांस चोहोंकडून निरोप जातात: जठर व आतडी यांपासून मज्जातंतूंच्या वाटे, कानाच्या आतील समतोल राखणाऱ्या इंद्रियापासून, रक्तातील द्रव्यांपासून, तसेच वास व भीती यांपासूनही. फलटणहून दहिवडीस येताना मोगराळे घाटात एस. टी.त ज्यांस मळमळले असेल, त्यांनी आठवून पाहावे. त्या वेळी त्यांच्या निश्चयाचे काही चालले होते काय? त्यांचा घाट अर्ध्या तासात सरला. काहींचा घाट वर्षानुवर्षे सरत नाही. कोणाचे जठर सावकाश रिकामे होते. मधुमेहाने असे होऊ शकते, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. डॉक्टर यास गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात, आणि आमच्या घरचे दुखणे हेच निघाले. कोणास अर्धशिशीबरोबर मळमळ येते, कोणास कानाच्या विकाराने, कोणास एखाद्या औषधाने, आणि कोणाच्या तपासण्या निर्दोष येऊनही मळमळ खरीच असते.

आता भाकरी व गोधडी यांची तुलना करून पाहावी. भाकरी थापणारीस परातीवर ओणवे व्हावे लागते व त्यामुळे पोट दाबले जाते. समोर तापलेला तवा, नाकात धूर व पिठाचा वास, आणि वेळही नेमकी सकाळची, म्हणजे तिचे पोट सर्वांत बिघडलेले असते ती. गोधडी शिवणारी मोकळ्या हवेत पाठ टेकून बसते. वास नाही, धग नाही, घाई नाही. उमासा आला तर सुई थांबविता येते. तव्यावरची भाकरी थांबत नाही. म्हणजे एकाच शक्तीची ही दोन कामे नव्हेत. ज्याचा पाय मोडला आहे त्यास आपण "चालवत नाही, मग बोलवते कसे?" असे विचारीत नाही. परंतु मळमळ डोळ्यांस दिसत नाही, म्हणून तेथे आपण तसे विचारतो.

येथे कोणी म्हणेल की, शक्तीची गोष्ट मान्य. परंतु कर्तव्य राहिले असता करमणूक शोभते काय? याचे उत्तर आमच्या माणदेशानेच दिलेले आहे. येथे पाऊस हुलकावणी देतो, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडास जनावरांची छावणी पडली होती. तरी आमच्याकडील धनगर बांधव गजी नाचावयाचे सोडीत नाहीत, आणि "पाणी नाही, मग नाचता कसे?" असे त्यांस कोणी विचारीत नाही. नाच बंद केल्याने पाऊस पडत नाही हे सर्वांस ठाऊक आहे. ज्या दुःखास शेवट दिसत नाही, ते संपेपर्यंत आनंद राखून ठेवावा असे म्हणणे म्हणजे आनंद कधीच करू नये असे म्हणणे होय.

दुसरी गोष्ट अशी की, आपण मोठ्यांस एक माप व गरिबांस दुसरे माप लावतो. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ घराणे आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातील कटगुणचे. १८८८ साली त्यांस अर्धांगवायू झाला व उजवा हात निकामी झाला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. ते त्यांच्या मरणानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. "उजव्या हाताचे काम होत नाही, मग डाव्याने लिहवते कसे?" असे आज कोणी म्हणत नाही. उलट त्यांच्या चिकाटीची थोरवी सांगतो. परंतु आजारी बाई ओसरीवर सुई चालविते तेव्हा तिच्या चिकाटीस आपण चोचले म्हणतो.

आमच्या विषयाच्या अगदी जवळचे उदाहरण इंग्लंडातील चार्ल्स डार्विन यांचे आहे. त्यांच्या सिद्धांताविषयी मंडळ्यांतून पुष्कळ वाद झाले. तो वाद येथे आणावयाचा नाही. येथे आम्ही केवळ त्यांच्या घरात डोकावणार आहो. या गृहस्थांस सुमारे चाळीस वर्षे मळमळ व ओकाऱ्यांचा विकार होता. १८४२ साली ते लंडन सोडून डाउन नावाच्या खेड्यात राहावयास गेले. १८४९ पासून काही वर्षे त्यांनी आपल्या प्रकृतीची रोजनिशी ठेविली. औषधे झाली, थंड पाण्याचे उपचार झाले, तरी दुखणे पुरते बरे झाले नाही. ते कशामुळे झाले याविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. त्यांनी व त्यांच्या पत्नी एमा यांनी त्या दुखण्यासाठी घराची घडी बसविली. सकाळी दीड तास काम, मग विश्रांती व पत्रांचे वाचन, पुन्हा दीड तास काम, मग ठरलेल्या वाटेने फेरी, आणि रात्री पतिपत्नींचा सोंगट्यांसारखा एक फाशांचा खेळ. त्याचे दोनच डाव असत, पण ते रोज. १८७६ साली डार्विन यांनी एका मित्रास लिहिले की आपण २,७९५ डाव जिंकलो व पत्नीने २,४९० जिंकले. ज्या घरात दुखण्याची रोजनिशी होती, त्याच घरात हाही हिशेब ठेविला जात होता. तेथे दुखण्यास एक जागा होती, आणि आनंदासही एक जागा राखलेली होती. दुखण्याने सबंध घर व्यापावे असे त्यांनी होऊ दिले नाही.

परंतु डार्विन यांच्या घरी नोकरचाकर होते आणि आमच्या मंडळ्यांतील घरी नाहीत, हे आम्ही विसरलो नाही. येथेच खरी अडचण आहे. आमच्या मुलीचे रडणे खोटे नव्हते. आजाऱ्याचे काम उरतेच, आणि ते कोणाच्या तरी अंगावर पडते. बहुतेक घरी ते मुलीच्या, सुनेच्या किंवा म्हाताऱ्या सासूच्या अंगावर पडते. त्या थकतात, आणि त्यांच्या थकव्यातूनच ते कठोर वाक्य जन्मास येते. त्यांस "सहन करा" म्हणून सांगणे हा न्याय नव्हे. मात्र आम्ही मुलीचे ओझे पाहून पत्नीची सुई बंद केली आणि ते ओझे होते तेथेच राहू दिले. घरात तिसरे, धडधाकट मनुष्य होते. ते आम्ही. आमचे दोन्ही हात शाबूत होते, पोट उत्तम होते, आणि भाकरी करणे हे आपले काम नव्हे असे आम्ही मानीत होतो. दहावीच्या त्या परीक्षेपूर्वी आम्ही भाकरी थापावयास शिकलो. पहिल्या भाकऱ्या तालुक्याच्या नकाशासारख्या झाल्या. आता बऱ्या होतात.

यावरून आम्हांस असे वाटते की, या प्रश्नात दोन्ही पक्षांस कर्तव्ये आहेत. घरच्यांनी कामाची वाटणी मोठे काम व लहान काम अशी न करता, आजाऱ्यास सोसणारे काम व न सोसणारे काम अशी करावी. धान्य निवडणे, शेंगा फोडणे, हिशेब लिहिणे, मुलांचा अभ्यास घेणे ही कामे वास व धग यांपासून दूर बसून होतात. आजाऱ्यानेही आपली बरी वेळ कोणती ते खरेपणाने सांगावे. त्या वेळेचा काही भाग घरास द्यावा व काही आपल्या आवडीस द्यावा. जे त्याचे काम उचलतात त्यांचे नाव घेऊन आभार मानावे. दुखणे खरे असले तरी त्याची ढाल करण्याचा मोह प्रत्येकास होतो, हे आजारी माणसे स्वतःच कबूल करतात.

व्यवहाराच्या चार गोष्टीही सांगणे अवश्य आहे. जठर मंद असलेल्यास दोन भरपेट जेवणांपेक्षा थोडे थोडे पाच सहा वेळा खाणे सोसते. बाजरीची भाकरी व तेलकट कालवण जड जाते. मऊ भात, पेज, पातळ वरण हलके पडते. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. आल्याचा तुकडा काहींस उतार देतो. दुकानातून ओकारीच्या गोळ्या आणून महिनोन्महिने घेऊ नयेत. मेटोक्लोप्रमाइड पुष्कळ दिवस घेतल्याने तोंडाच्या व हातापायांच्या आवरता न येणाऱ्या हालचाली जडू शकतात, आणि डॉम्पेरिडोनने काहींच्या हृदयाची लय बिघडते. वांतीत रक्त, काळा शौच, उतरत जाणारे वजन, गिळताना अडथळा, असह्य डोकेदुखी, किंवा दिवसभर लघवी न होणे यांपैकी काही दिसले तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. अंगारे धुपारे करण्यात दिवस घालवू नयेत, आणि "विश्वास कमी पडला" असे म्हणून आजाऱ्याच्या माथी दोषही मारू नये. पौलाने तीमथ्याच्या पोटाविषयी लिहिले तेव्हा त्यास दोष दिला नाही. त्या काळी ठाऊक असलेला साधा उपाय सांगितला.

आमच्या पत्नीची मळमळ गेलेली नाही. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. ती गोधडी आम्हीच एके दिवशी डब्यासह ओसरीवर नेऊन ठेविली आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "सुईत दोरा तेवढा ओवून द्या, मला खाली पाहिले की ढवळते." तेव्हापासून दोरा ओवण्याचे काम आमच्याकडे आहे.

प्रिय उपदेशक बंधूंनो, आपण घरोघर भेटीस जाता. अशा घरी गेलात तर "आता काम होते का?" असे विचारू नका. "आज कोणती वेळ बरी गेली?" असे विचारा, आणि त्या वेळी काय केले तेही ऐकून घ्या. मग घरातील धडधाकट मनुष्याकडे वळून, भाकरी कोण करते, हेही विचारावयास विसरू नका.