बिनपगारी सेवेचा हिशेब





आमचे नागापूर म्हणजे एमआयडीसीचे गाव. पहाटे काकड्याला निघालो की रात्रपाळी संपवून घरी परतणारे कामगार रस्त्यात भेटतात. मीही तीस वर्षे इथल्या एका कारखान्यात लेथवर काम केले. आषाढीची वारीही तेव्हापासूनच चालू आहे. संगणकाशी माझा संबंध नाही. तरी गेल्या दिवाळीला पुण्याहून आलेल्या पुतणीने संगणकाच्या जगातला एक प्रश्न विचारला आणि तो थेट माझ्या दिंडीपाशी येऊन थांबला.

ती सांगत होती, की संगणकाच्या काही भाषा आणि साधने कोणाच्या मालकीची नसतात. कोणीही ती फुकट वापरावी, त्यात भर घालावी. ती वापरणारी माणसे वर्षातून एकदा जमतात आणि एकमेकांना शिकवतात. पायथन नावाच्या भाषेची अशी परिषद आपल्या देशात प्रथम २००९ साली बंगळूरला भरली. २०११ ची पुण्यात झाली. भरवणारे स्वयंसेवक. नोकरी सांभाळून, रात्री जागून सगळे करायचे, पगार नाही. ऐकून मला बरे वाटले. म्हटले, ही तर आपलीच रीत झाली.

ती स्वतः एका लहानशा मंडळात अशीच सेवा करते. तिथे एक गृहस्थ अनेक वर्षे राबत आहेत. यंदा त्यांनी कोणाला न विचारता देणगीदार कंपनीच्या माणसाला व्याख्यान देऊन टाकले आणि निवड झालेल्या एका नवख्या मुलीचे नाव गाळले. पुतणीने कारण विचारले, जमाखर्चही मागितला. ते म्हणाले, "मी एक पैसा घेत नाही. मला विचारणारी तू कोण?"

पुतणी म्हणाली, "नाना, मी काम सोडू का? फुकट सेवा करणाऱ्याला हिशेब विचारणे पाप आहे का?"

मला उत्तर देता येईना. कारण ते वाक्य एकदा माझ्याच तोंडून गेले होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या दिंडीची भिशी माझ्याकडे होती. वारकऱ्यांनी भरलेले पैसे, त्यातून शिधा, ट्रकचे भाडे, पाण्याचा टँकर. वाटेत एका मावशींनी सहज विचारले, "टँकरला किती गेले हो?" मी दुखावलो. "मी पदरचे घालून राबतो आणि तुम्ही संशय घेता?" असे चारचौघांत बोललो. मावशी गप्प झाल्या. त्या दिवशी पंगतीत त्या माझ्यासमोर बसल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी तळावर समाजआरती होती. माउलींच्या सोहळ्यातली ही रीत वारकऱ्यांना ठाऊक आहे. चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात. हरवले-सापडलेलेही तिथे पुकारतात. मग आरती होते. त्या दिवशी एका दिंडीचे टाळ थांबेनात. एवढा समाज त्यांच्यासाठी उभा राहिला. "आम्ही एवढा सोहळा चालवतो, तुम्ही कसले गाऱ्हाणे सांगता?" असे कोणी म्हटले नाही. माझ्या दिंडीतल्या मावशींचा टाळ मात्र मी सकाळीच बंद पाडला होता.

आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. फळाची आशा सोडून कर्म करावे, हे आपण तेव्हापासून ऐकत आलो. पण फळ म्हणजे पैसाच, असे आपण धरून चालतो. "माझ्यावाचून हे चालत नाही" हा मान फळच आहे. "मला कोणी विचारू नये" ही सवलतही फळच आहे. पगार सोडला आणि ही सवलत घेतली, तर सेवा निष्काम कुठे राहिली? नोकराला मालक जाब विचारतो. सेवेकऱ्याला विचारणारा कोणी नसतो, म्हणून त्याने हिशेब न मागता पुढे ठेवावा.

पुतणीला मी एवढेच सांगितले. अन्नदात्याला आपण नारळ-प्रसाद देतो, त्याचे आभार मानतो. म्हणून कीर्तनाला कोण उभे राहणार हे तो ठरवत नाही. देणगीदार कंपनीलाही तेवढाच मान द्यावा. गाऱ्हाणे ज्याच्याविरुद्ध आहे त्यानेच निवाडा करू नये. ऐकणारा चोपदार वेगळा असावा आणि तो कोण, हे पहिल्या दिवशीच सर्वांना सांगावे. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, पण पहारा बदलला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि दोघे एकमेकांच्या पाया पडतात. परिषदेचा कारभारही असाच फिरता असावा. थकलेल्याला विश्रांती मिळते, आणि वीणा आपली नव्हे याची आठवण राहते.

दुसरी बाजूही तिला सांगितली. नुसते विचारणाऱ्यांनी मंडळे मोडतात. जो हिशेब मागतो त्याने एखादी पाटी उचलावी, आणि विचारताना समोरच्याच्या कष्टांना आधी नमस्कार करावा. तू काम सोडू नकोस आणि प्रश्नही सोडू नकोस.

वारीहून परतल्यावर मी वही घेऊन त्या मावशींच्या घरी गेलो होतो. पाया पडलो. टँकरचा आकडा दाखवू लागलो तर त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, "आकडा बरोबरच असंल. पुढच्या साली ही वही तंबूच्या खांबाला टांगा. म्हंजे कुणाला विचारायची लाज वाटायची नाही."

तेव्हापासून आमच्या दिंडीत वही खांबाला असते. फारसे कोणी ती उघडत नाही. पण ती तिथे असल्यापासून, भिशी सांभाळणाऱ्याला कोणी विचारले तर राग येत नाही.

राम कृष्ण हरी.