'विज्डम', प्रज्ञा आणि शहाणपण

इंग्रजीतील 'विज्डम' या शब्दाला प्रतिशब्द देताना आपण बहुधा 'प्रज्ञा' किंवा 'विवेक' यांच्याकडे वळतो. हाताशी असलेला 'शहाणपण' हा शब्द मागे राहतो. त्याचे कारण अर्थात नसून वापरात आहे. पैठण रस्त्यावरील चितेगावसारख्या, शेते आणि कारखाने शेजारी असलेल्या गावात 'तू फार शहाणा आहेस' हे वाक्य कोणी गौरव म्हणून ऐकत नाही. इंग्रजीतही 'वाइज' या विशेषणाला उपरोध चिकटतो; 'विज्डम' हे नाम मात्र बरेचसे सोवळे राहते. मराठीत नामाचीही सुटका नाही. 'शहाणपण' असावे, 'शहाणपणा' करू नये. एका कान्याने गुणाचा अपराध होतो.

हा शब्द निखळ कौतुकाने येतो तो लहान मुलांच्या बाबतीत. 'शहाणं बाळ' म्हणजे हट्ट न करणारे, सांगितलेले ऐकणारे. तेच मूल मोठे होऊन प्रतिप्रश्न करू लागले की 'आम्हाला शहाणपण शिकवू नकोस' असे त्याला बजावले जाते. म्हणजे येथे मोजले जाते ते ज्ञान नव्हे, पायरी. ज्या 'सज्ञान' शब्दापासून 'शहाणा' आला असे मानतात, तो कायदा अठराव्या वर्षी बहाल करतो. घर मात्र तो सहजी देत नाही. (सुनेच्या बाबतीत तर याहूनही उशिरा.)

पेशवाईतील 'साडेतीन शहाण्यां'त निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हाही गणला गेला. 1763 मध्ये गोदाकाठी राक्षसभुवनच्या लढाईत तो मारला गेला. शत्रूच्या कारभाऱ्यालाही शहाणा म्हणण्याचा हा मोकळेपणा लक्षणीय असला, तरी येथे अभिप्रेत आहे ती मुत्सद्देगिरी. तिच्यात चांगुलपणाची अट नाही.

'सत्तेपुढे शहाणपण चालत नाही' ही म्हण मला अधिक अस्वस्थ करते. ती वस्तुस्थिती सांगते की गप्प बसण्याचा सल्ला देते? वापरात तरी दुसरेच अधिक. या संदर्भात 'मिलिंदपञ्ह' आठवतो. वादाला बसण्यापूर्वी नागसेन राजा मिलिंदाला अट घालतो: वाद पंडितांच्या रीतीने होणार असेल तर करू, राजांच्या रीतीने नाही. पंडित खोडला गेला तरी कोपत नाही; राजा विरोध करणाऱ्याला दंड करतो. राजा अट मान्य करतो. म्हण जेथे थांबते तेथून हा ग्रंथ सुरू होतो. डॉ. आंबेडकरांनी उभारलेल्या संस्थेचे 1950 मध्ये औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) सुरू झालेले महाविद्यालय पुढे या प्रश्नकर्त्या राजाच्या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि शीलावाचून प्रज्ञा घातक ठरते हा त्यांचा आग्रहही सर्वश्रुत आहे.

मात्र नागसेनाच्या त्या अटीचे भाषांतर 'शहाण्यांच्या रीतीने वाद' असे केले, तर मराठी वाचक हसेल. ते हसू टाळण्यासाठीच अनुवादक 'प्रज्ञावंत' लिहितो, आणि मूल आपल्या वडिलांना ज्या शब्दात उत्तर देऊ शकले असते तो शब्द कोशात पडून राहतो.