उद्यापासून नक्की

धंतोलीत घराचा पत्ता सांगायचा तो दवाखान्यांच्या खुणेनं. हाडांच्या डॉक्टरांपासून उजवीकडे वळा, डोळ्यांच्या दवाखान्यासमोर थांबा, की आलं आमचं फाटक. या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "इतके दिवस कुठं होतात?" ज्याला तो विचारतात, तो आळशी मुळीच नसतो. कापसाची वेचणी आटोपू दे, पोरीचं लग्न होऊन जाऊ दे, मग दाखवू, असं म्हणता म्हणता त्याचं वर्ष गेलेलं असतं.

ही विद्या माणूस कॉलेजात पक्की करतो, असं माझं मत आहे. आमच्याकडे राहून अर्थशास्त्र शिकणारा भाचा परीक्षेच्या आठवड्यात घरात सर्वांत जास्त राबतो. टेबल पुसतो, चार रंगांत वेळापत्रक आखतो, पंख्याची पाती धुतो. त्याच्या मामीनं तीन वर्षं सांगूनही न झालेली माळ्याची आवराआवर पेपरच्या आदल्या संध्याकाळी पूर्ण होते. "अन् अभ्यास?" विचारलं की उत्तर येतं, "करूनच राहिलो न मामा! उद्यापासून नक्की."

गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांत 'अलस' आणि 'दीर्घसूत्री' हे दोन वेगळे शब्द आहेत. आळशाला काहीच करायचं नसतं. दीर्घसूत्र्याला सगळं करायचं असतं, तेवढं एक सोडून. शिवाय 'दीर्घसूत्री'ला अगदी चिकटून 'विषादी' बसलाय. खरंच आहे. चालढकल करणारा सिनेमाला गेला, तरी परीक्षा शेजारच्या खुर्चीवर बसलेलीच असते.

हे ऐकवल्यावर भाच्यानं थेट नोबेलवाले काढले. जॉर्ज अकरलॉफ हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ वर्षभर भारतात राहिले होते. जोसेफ स्टिग्लिट्झ या मित्राचं कपड्यांचं खोकं अमेरिकेला पाठवायचं, एवढंच काम. आपल्या सरकारी कारभारात त्यापायी अख्खा दिवस जाईल या धास्तीनं ते आठ महिन्यांहून अधिक काळ रोज सकाळी 'उद्या' म्हणत राहिले. १९९१ साली त्यांनी यावर निबंध लिहिला: आजचा त्रास ठळक दिसतो, एका दिवसाच्या उशिराचं नुकसान किरकोळ वाटतं. रोजचा हिशेब बरोबर. बेरीज तेवढी चुकते. दोघांनाही २००१ साली नोबेल मिळालं, ते मात्र दुसऱ्या कामाबद्दल. भाचा हे शेवटचं वाक्य गाळतो.

मग उशीर नेहमी वाईटच का? तसंही नाही. शांतिपर्वात चिरकारीची गोष्ट आहे. रागाच्या भरात गौतम ऋषींनी त्याला आईला मारायची आज्ञा केली आणि ते निघून गेले. चिरकारी विचारच करत बसला. बाप पस्तावून परतला, तो आई जिवंत! उशिराबद्दल पोराची पाठ थोपटली गेली. पण चिरकारी उशीर करताना त्याच कामाचा विचार करत होता. आमचे चिरंजीव पंख्याचा करतात. थांबणं निराळं, तोंड चुकवणं निराळं.

म्हणून भाच्याला म्हटलं, "बाबा रे, वाचू नकोस. नुसतं पुस्तक उघडून समोर बस. मात्र उठायचं नाही, पुसायचं काही नाही, फोन मामीजवळ." अट सोपी वाटली, गडी बसला. वीस मिनिटं तो पुस्तकाकडे आणि पुस्तक त्याच्याकडे बघत होतं. शेवटी कंटाळून त्यानं वाचायला सुरुवात केली.