पानी बघ

भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांत श्रावणात चांगलं पाणी साठलेलं असतं. अशाच एका तलावावर सकाळी झिंग्याच्या बीजाची गाडी आली. समुद्रकाठच्या हॅचरीतलं बीज; ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत, बर्फाशेजारी रात्रभर प्रवास करून आलेलं. मोठेपणी गोड्या पाण्यात राहणाऱ्या या झिंग्याचं बालपण मात्र निमखाऱ्या पाण्यात जातं. तिथे महिनाभर एकामागून एक कात टाकत अकरा अवस्था पार केल्या, की मग तो तलावाच्या लायक होतो. एवढं सोसून आलेल्या त्या इवल्या जिवांची काकाजींच्या पुतण्याला कीव आली. त्याने लगेच पिशवी फोडायला घेतली.

"थांब ना बाबू," काकाजी म्हणाले. "पहिले पानी बघ."

थर्मामीटर लावला. पिशवीत 22 अंश, तलावात 30.

"याईले तर तीसच मानवते ना, काकाजी? मंग लवकर सोडलेलं बरं."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. 28 ते 31 अंशांत हे बीज उत्तम वाढतं. काकाजींनी वाद घातला नाही. पाण्यात जाळीचे दोन हापे बांधायला लावले. एकात पुतण्याने आपली पिशवी तिथल्या तिथे रिकामी केली. दुसऱ्यात काकाजींची पिशवी तोंड बांधलेलीच पाण्यावर तरंगत राहिली. अर्ध्या तासाने त्यांनी तोंड सोडलं आणि ओंजळीने तलावाचं पाणी आत घालू लागले. घालायचं, थांबायचं, पुन्हा घालायचं. आतलं आणि बाहेरचं पाणी एक झाल्यावर त्यांनी पिशवी आडवी केली. बीज आपलं आपण बाहेर पडलं.

झिंग्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढं गरम तेवढंच त्याचं अंग. 22 अंशही तो सोसतो, 30 तर त्याला आवडतातच. सोसत नाही ती मधली उडी.

दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या हाप्याच्या तळाशी पांढरी पडलेली पिल्लं दिसली. काकाजींच्या हाप्यात बीज जाळीला चिकटून चरत होतं.

"मी तर त्याईचं भलंच पाहत होतो," पुतण्या म्हणाला.

"पाहतच होता रे. पण घाई तुह्या जिवाले होती, त्याईच्या जिवाले नाही."

दयेतली घाई ओळखणं फार अवघड असतं, असं मला वाटतं.

मार्गशीर्षात झिंगे चांगले भरले. काकाजी जाळं टाकायचं म्हणू लागले, तर आता पुतण्याच अडवायला लागला. "अजून महिनाभर थांबू. वजन वाढंल. थांबायचं तुम्हीच शिकवलं ना?"

काकाजींनी थर्मामीटर त्याच्या हातात दिला. पहाटेचं पाणी 19 अंशांवर उतरलं होतं. टाकलेलं खाद्य तसंच पडून होतं. पारा आणखी घसरून 14 च्या खाली गेला, तर झिंगा जगतच नाही.

पुतण्याने तो आकडा पुन्हा एकदा वाचला आणि जाळंवाल्यांना त्याच दुपारी बोलावलं.