सेल संपल्यानंतर

दीघजाणू नावाचा एक कोलिय गृहस्थ भगवान बुद्धांकडे आला आणि त्यानं मोकळेपणानं सांगून टाकलं: आम्ही संसारी माणसं, मुलाबाळांच्या गराड्यात राहतो, काशीचं चंदन लावतो, माळा घालतो, सोनंनाणं हाताळतो, तेव्हा आम्हाला झेपेल असा धम्म सांगा. अंगुत्तर निकायातलं हे सुत्त मला फार जवळचं आहे. बुद्धांनी त्याला चंदन पुसून यायला सांगितलं नाही. कमवावं कसं, राखावं कसं, खर्चावं कसं, हे सांगितलं.

मी चंदन लावत नाही, व्हिडिओ गेम खेळते. वय चाळिशीच्या पुढं, राहणं भिलाईतल्या कुरुदला, काम एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात हिशेब लिहिण्याचं. बाबा भंडारा जिल्ह्यातून स्टील प्लांटच्या नोकरीसाठी इकडं आले आणि निवृत्तीनंतर कुरुदलाच घर बांधून राहिले. आमच्या घरात मराठी बोलतात, गल्लीत छत्तीसगढी आणि हिंदी. पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं, तिथं मी नेमानं जाते. गेम केव्हा विकत घ्यावा याचे माझे नियम त्या वाचनातूनच घडले आहेत. हा विषय धम्माच्या मानानं क्षुल्लक आहे असं मला मुळीच वाटत नाही. तृष्णा कशी उठते हे घर-जमिनीच्या व्यवहारात दिसत नाही, तिथं गरज, भीती, प्रतिष्ठा सगळं एकात एक मिसळलेलं असतं. गेमची गरज कुणालाच नसते, म्हणून तिथं तृष्णा उघडी दिसते.

खेळावं की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता लवकर सुटतो. ब्रह्मजाल सुत्तात खेळांची लांबलचक यादी आहे: आठ घरांचा पट, दहा घरांचा पट, पट न मांडता मनातल्या मनात खेळायचा पट, फासे, चेंडू, खेळण्यातला नांगर, खेळण्यातली गाडी. अशा खेळांपासून बुद्ध दूर राहतात, असं तिथं श्रमणाच्या शीलाचं वर्णन म्हणून येतं. गृहस्थासाठी सिगालोवाद सुत्त आहे. त्यात संपत्ती वाहून जाण्याच्या सहा वाटा सांगितल्या आहेत, त्यात जुगार आहे, सतत तमाशे-मेळे धुंडाळत हिंडणं आहे, आळस आहे. खेळ मात्र तिथं सरसकट वर्ज्य नाही. त्याच सुत्तात मिळकतीचे चार वाटे करायला सांगितले आहेत. एक वाटा भोगासाठी, दोन कामधंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी. भोगाचा वाटा पहिला मोजलेला आहे, हे मी कधी विसरत नाही.

आमच्या समाजात हे ठासून सांगावं लागतं. ज्यांना पिढ्यानपिढ्या चांगलं कापड, धातूचं भांडं, विहिरीचं पाणी घेऊ दिलं नाही, त्यांना ‘इच्छा कमी करा’ हा उपदेश कुणीही सहज करतो. बाबासाहेबांनी त्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे की बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केला नाही आणि संतोष म्हणजे परिस्थितीपुढं मान तुकवणं नव्हे. म्हणून गेम न घेण्यात काही पुण्य आहे असं मी मानत नाही. माझ्या बाबांना खेळायला वेळ मिळाला नाही, मला मिळतो, आणि त्याचा मला आनंद आहे.

खरा प्रश्न पुढं सुरू होतो. अनाथपिंडिक या उपासकाला बुद्धांनी सांगितलेली गृहस्थाची चार सुखं आहेत: अस्तिसुख, भोगसुख, अनृणसुख आणि अनवद्यसुख. आपल्याकडं कष्टानं मिळवलेलं काही आहे याचं सुख, त्याचा उपभोग घेण्याचं सुख, कुणाचं देणं नाही याचं सुख आणि आपल्या वागण्यात दोष नाही याचं सुख. कोणताही गेम घेताना मी या चौघांना विचारते.

बहुतेक खरेद्या पहिल्या दोघांच्या भांडणातच अडतात. संगणकावर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सेल लागला की पाच-सहा गेम निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, आणि घेणारा ते घेऊन ठेवतो. अस्तिसुख पदरात पडतं, भोगसुख राहून जातं. आता तर अस्तिसुखही कच्चं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे घेतानाच सांगतं की तुम्ही विकत घेताय तो फक्त परवाना आहे. युबिसॉफ्ट या कंपनीनं ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम लोकांना चालवताच येईना. जे आपलं कधी नव्हतंच, ते जवळ असण्याचं सुख कसलं? राहतं भोगसुख, आणि ते फक्त खेळण्याच्या तासांत असतं.

म्हणून गेम घेण्याआधी तो कोणत्या संध्याकाळी खेळायचा हे मी ठरवते. मार्चअखेरच्या हिशेबात, घरी लग्नकार्य असताना, आईला दवाखान्यात न्यायचं असताना, मी कितीही उत्तम गेम घेत नाही. ‘द विचर ३’ सारखा गेम पन्नास तासांहून अधिक मागतो. तो घेणारी मी कोण असते? जिला रोज दोन तास मोकळे आहेत अशी कुणी दुसरीच बाई. अशा अजून न जन्मलेल्या स्वतःसाठी वस्तू जमवणं, ही मला भवतृष्णेची अगदी घरगुती जात वाटते. काहीतरी होण्याची ओढ आणि ते झालोच आहोत अशा थाटात केलेली खरेदी.

दीघजाणूला बुद्धांनी उंबर खाणाऱ्या माणसाचं उदाहरण दिलं होतं. मिळकतीपेक्षा खर्च जास्त करणाऱ्याला लोक उंबर खाणारा म्हणतील. मूठभर फळांसाठी तो झाड हलवतो, खाली सडा पडतो, आणि खाल्लं जातं थोडंच. सेल झाड हलवून देतो, म्हणून सेल चालू असताना काहीच घ्यायचं नाही, हा माझा सगळ्यात कडक नियम. २०२५ साली स्टीमचा उन्हाळी सेल १० जुलैला संपला आणि त्याच दिवशी आषाढी पौर्णिमा होती, म्हणजे वर्षावासाची सुरुवात. तिकडचा उन्हाळा, इकडं छत्तीसगढमध्ये रोपणीची घाई. सेल संपल्यावरही ज्या गेमचं नाव मनात उरतं तो मी पूर्ण किमतीला घेते.

हिशेब लिहिणाऱ्या बाईला हे शोभतं का, असं माझा भाऊ विचारतो. शोभतं. सवलतीतले न खेळलेले पाच गेम एका खेळलेल्या गेमपेक्षा महाग पडतात, हा साधा हिशेबच आहे. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान, अशी साखळी आपण विहारात ऐकतो. पडद्यावरचा पाऊणशे टक्के सवलतीचा आकडा डोळ्यांना लागतो, बरं वाटतं, हवंसं वाटतं, हात बटणावर जातो. हे इतक्या झटकन होतं की मला गेम हवा आहे की सवलत, हे कळायला जागाच राहत नाही. सवलत काढून घेतली की कळतं. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायला माझी तयारी आहे.

तिसऱ्या सुखाबद्दल थोडक्यात. हप्त्यांवर गेम नाही, कन्सोलही नाही. पीएस ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला होता. तेवढी रक्कम पहिल्या वाट्यात साठत नाही तोवर जुना संगणक पुरेसा आहे.

चौथ्या सुखाबद्दल बुद्ध म्हणतात की पहिली तिन्ही त्याच्या सोळाव्या भागालाही येत नाहीत. इथं सर्वांत आधी येतं ते दुसरं शील, न दिलेलं न घेणं. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम एरिक बरोन यानं चार वर्षांहून जास्त काळ एकट्यानं बसून बनवला आणि २०१६ मध्ये आणला. ‘राजी’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओनं केला, तोही लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यानंतर. असा गेम पेनड्राइव्हवरून फुकट उतरवून घेणं मला चोरीच वाटतं, मग तो देणारा कितीही जवळचा असो.

दुसरी गोष्ट जुगाराची. भिलाईत हा विषय पुस्तकी नाही. महादेव सट्टा अ‍ॅपच्या प्रकरणात या शहराचं नाव देशभर गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण कायद्याची रेघ आणि शीलाची रेघ एकाच जागी असेलच असं नाही. बेल्जियमच्या जुगार आयोगानं २०१८ मध्येच काही गेममधल्या नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवलं होतं. आत काय आहे ते न सांगता पैसे घेणारी पेटी मी कोणत्याही देशात जुगारच मानेन.

हे सगळं मी माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याला सांगितलं, कारण त्याला बीजीएमआय या मोबाइल गेममधला एक पोशाख हवा होता. पोशाखानं खेळात काही फरक पडत नाही, नुसतं अस्तिसुख आहे, असं मी म्हणाले. तो म्हणाला, “मावशी, मी रोज खेळतो, तो रोज अंगात असेल. तुझे गेम तर तू रविवारीच उघडतेस. मग भोगसुख कुणाचं जास्त?”

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि मी ते मान्य केलं. त्याला मिळणाऱ्या खाऊच्या पैशाचे आम्ही चार वाटे केले. पहिल्या वाट्यातून, किंमत आधी दिसते असा पोशाख चालेल. क्रेट, म्हणजे तिथली नशिबाची पेटी, उघडायचा नाही. हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत तेवढे पैसे जमतील असं त्याचं गणित आहे, मी ते तपासून पाहिलं आहे आणि ते बरोबर येतं.